चुकून सगळ्यांना

आमच्या गटात कुणाला नाव नसतं, आठवडे असतात. पत्राच्या शेवटी बाळ कितव्या आठवड्यात जन्मलं आणि तेव्हा त्याचं वजन किती होतं एवढंच लिहायचं, की झाली सही. माझी सही ‘तेहतीस आठवडे, सोळाशे चाळीस ग्राम’. म्हणून मी तेहतीस. बँकेतल्या टोकनसारखी ही ओळख सुरुवातीला मला कोरडी वाटली होती. पुढे कळलं, इथे आकडा सांगितला की निम्मी कहाणी सांगून होते. अठ्ठावीस म्हटलं की ऐकणारी क्षणभर गप्प होते. छत्तीस म्हटलं की सगळ्या हसतात, ‘अगं, तुझं तर जवळजवळ वेळेवरच आलं की!’

गटाचं नाव ‘घाईगडबड’. दिवस भरायच्या आत जगात येऊन धडकलेल्या बाळांच्या आईबापांचा हा गट, आणि तो चालतो जुन्या पद्धतीने, ईमेलवर. एका पत्त्यावर पत्र धाडलं की गटाचं सॉफ्टवेअर ते तीनशे चाळीस जणांना पोचवतं. टिणटिण नाही, अंगठे नाहीत, फुलं नाहीत. माझा नवरा म्हणतो, ‘तुमच्याकडे अजून पोस्टमन सायकलवर येतो वाटतं.’ मला मात्र तेच आवडायचं. ठकी मांडीवर असताना एका हाताने वाचता यायचं. ठकी म्हणजे माझी मुलगी. कागदोपत्री तिचं नाव भारदस्त आहे, पण सात महिने झाले तरी ते तिच्या अंगाला अजून ढगळ होतं.

गट चालवतात मावशी. त्या एकोणतीस. त्यांचं एकोणतीस आठवड्यांचं बाळ आता चौतीस वर्षांचं आहे, त्याला टक्कल पडायला लागलंय, आणि गटाचं सॉफ्टवेअर ज्या मशीनवर चालतं ते मशीन त्याच्याच ऑफिसच्या कोपऱ्यात असतं. मावशी नोकरीभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कुणाचं बोलणं कुणाच्या कानात जावं, याबद्दल त्यांची मतं पक्की. नवीन माणूस आलं की त्यांचं नियमांचं पत्र जातं. ज्या ओळीला उत्तर देताय तेवढीच ओळ ठेवा, बाकीचं कापा. उत्तर त्या ओळीच्या खाली लिहा, तिच्या डोक्यावर बसवू नका. नुसतं ‘धन्यवाद’ किंवा ‘हो ना’ म्हणायचं असेल तर ज्याचं त्याला म्हणा, तीनशे चाळीस जणांना दार उघडायला उठवू नका. आणि दुधाच्या विषयात सासूबाई शिरल्या, तर सासूबाईंसाठी नवं पत्र सुरू करा.

दोन महिन्यांपूर्वी मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एक डोळा झाला, दुसऱ्याची तारीख लागली. तेव्हा त्यांनी मला फोन केला.

“तू सॉफ्टवेअरच्या ऑफिसात होतीस ना गं? मग तुला मशीनशी बोलता येत असणार. मला माणसांशीच येतं. माझे डोळे ताळ्यावर येईपर्यंत गटाची किल्ली तुझ्याकडे ठेव.”

“ठेवते की. पण मावशी, काही बदलावंसं वाटलं तर?”

“बल्ब गेला तर बदल. भिंत पाडू नकोस.”

मी हसले. पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या भिंती पाडून नव्या बांधायच्या ऑफिसात काढली होती. मला वाटलं, या जुन्या सॉफ्टवेअरला भिंती असतील तरी किती?

आता माझ्या प्रश्नाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं. ठकी रोज अकरा ते एक झोपते. त्या दोन तासांत मी तिचा श्वास बघायला जायची. आधी दाराशी उभं राहून, मग जवळ जाऊन, मग बोटाचं पेर तिच्या नाकाखाली धरून. एकदा मोजलं, तर सतरा वेळा गेले होते. सासूबाई स्वयंपाकघरातून बघत असत. एकदा म्हणाल्या, “पोरगी झोपलीय, दूध उतू जाणार नाहीये. किती वेळा झाकण उचलशील?” त्या वाईट बोलत नव्हत्या. पण मला उत्तर झाकणाबद्दल नको होतं, म्हणून माझे सतरा वेळांचे फेरे सांगून मी गटावर विचारलं: ‘बाळ झोपलं की तुम्ही किती वेळा बघायला जाता? आणि हे कधी थांबतं?’

दोन दिवसांत गटावर उत्तरं आली तीन, माझ्या एकटीकडे एकही नाही. एकीने श्वास मोजणाऱ्या यंत्राची माहिती दिली, एकीने देवावर भार टाकायला सांगितलं, तिसरीने लिहिलं, ‘मीही हेच विचारणार होते.’ मला ते फार लागलं. मग किल्ली हातात होती म्हणून मी गटाची सगळी जुनी पत्रं उघडून शोधलं. माझाच प्रश्न अकरा वर्षांत एकवीस वेळा विचारलेला होता! प्रश्न एकवीस, आणि धड उत्तर एकही नाही.

कारण मला लगेच समजलं. गटाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पान असतं, ते फक्त किल्लीवाल्याला दिसतं. त्यात एक ओळ होती: ‘उत्तर कुणाकडे जावे?’ तिच्याखाली दोन गोल होते, ‘लिहिणाऱ्याकडे’ आणि ‘गटाकडे’. मावशींनी पहिला गोल भरून ठेवला होता. कुणीही ‘उत्तर द्या’ दाबलं की पत्र गुपचूप एकट्या विचारणारीकडे जायचं. गटाला लिहायचं असेल तर पत्ता हाताने घालावा लागे, किंवा ‘सर्वांना’ हे वेगळं बटण दाबावं लागे. म्हणजे एकवीस जणींना उत्तरं मिळाली असणार, पण प्रत्येकीला एकेकटी, आणि बाविसावी मी परत कोरडीच. मला ते अन्यायाचं वाटलं. विहीर भरलेली, आणि दोरी फक्त एकेकीच्या हातात.

मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “बाई गं, माणूस एकाशी बोलतो तेव्हा खरं बोलतो. चौघांत बोलतो तेव्हा बरं बोलतो.”

“पण मावशी, खरं बोललेलं सगळ्यांच्या उपयोगी पडेल ना?”

“पडेल तर ती स्वतः येऊन सांगेल. तिच्या खिशातून काढू नये. परवा माझा दुसरा डोळा आहे, तो होऊन जाऊ दे, मग बसून बोलू.”

मला बसून बोलायला चार दिवस थांबता आलं नाही. मावशी दवाखान्यात गेल्या त्या दिवशी मी दुसरा गोल भरला. चोरून केलं असं म्हणवत नाही, कारण मी गटाला कळवलं होतं. महिन्याचं पत्र मी लिहिलं: नवे सदस्य, जुने कपडे देणे-घेणे, डॉक्टरांच्या भाषणाची तारीख, आणि अगदी शेवटी एक ओळ, ‘चार दिवस प्रयोग म्हणून उत्तरं थेट गटाकडे जातील.’ लांब पत्राची शेवटची ओळ कोण वाचतं, हे पाच वर्षं ऑफिसात काढलेल्या बाईला ठाऊक नव्हतं असं मी म्हटलं तर ते खोटं होईल.

दोन दिवस बरं चाललं. उत्तरं वाढली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोन मिनिटं कमी असताना, ठकीला पाजत असतानाच, हे पत्र आलं. वर माझा प्रश्न होता, नेमका दोन ओळींचा, बाकी सगळं नियमाप्रमाणे कापलेलं. खाली लिहिलं होतं:

‘तेहतीस, हे फक्त तुम्हाला. गटावर लिहिता येत नाही, कारण हेही गटात आहेत. ते लिहीत नाहीत, पण ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, एक वाजता, न चुकता वाचतात.

तुम्ही सतरा वेळा बघायला जाता. मी उलटं केलं, मी बघायलाच गेले नाही. लेक काचेच्या पेटीत होती, दुसरा आठवडा. हे सकाळी दुधाच्या बाटल्या दवाखान्यात देऊन कामावर जायचे, आणि दिवसा मी जायचं असं ठरलेलं. चार दिवस मी घरून निघाले, दवाखान्याच्या एक थांबा अलीकडे उतरले आणि तिथेच बसून राहिले. मला वाटायचं, आज गेले आणि पेटी रिकामी दिसली तर? न गेले तर निदान आजचा दिवस ती आहे. एक वाजला की परतीची बस. घरी सांगायला रोज एक बातमी तयार करायचे. आज डोळे उघडले. आज जांभई दिली. आज बोट धरलं.

हे रोज रात्री ते एका वहीत लिहीत. वही अजून आहे. “आज बोट धरलं” असं तारखेसकट लिहिलंय, आणि पाहुण्यांना ते पान काढून दाखवतात. बोट धरलं नव्हतं. मी तिथे नव्हतेच. लेक आता तीन वर्षांची आहे, धावते, चावते, सगळं करते. तुम्ही विचारलंत कधी थांबतं. माझं ते पान अजून थांबलेलं नाही.

अठ्ठावीस आठवडे, नऊशे ऐंशी ग्राम.’

मी पत्र वाचून संपवलं, डोळे पुसले, आणि मग सवयीने वर पाहिलं. ‘प्रति’ या शब्दापुढे माझा पत्ता नव्हता. गटाचा होता.

ठकी पीत होती म्हणून मी हलले नाही इतकंच. ईमेल परत बोलावता येत नाही. दगड एकदा विहिरीत पडला की पडला. गटाच्या जुन्या पत्रांच्या कपाटातून मला ते काढता येत होतं, ते मी एका हाताने काढलं. मग ते पान उघडून पहिला गोल पुन्हा भरला. घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. पण तीनशे चाळीस पेट्यांत पडलेल्या पत्राचं मी काही करू शकत नव्हते. त्यातली एक पेटी एका ऑफिसातल्या माणसाची होती, आणि तो एक वाजता डबा उघडणार होता.

मावशींना फोन लावला. त्यांनी उचलला तो नेहमीसारखाच, एक्स्चेंजच्या सुरात: “बोला.”

“मावशी, मी भिंत पाडली.”

मी सगळं सांगितलं. सांगताना रडले, आणि ठकीही माझ्या सुरात सूर मिसळून रडायला लागली.

“आधी तिला खांद्यावर घे,” मावशी म्हणाल्या. “घेतलंस? आता सांग. गोल परत फिरवलास?”

“हो. दहा बाराला. आता साधं उत्तर दिलं तर लिहिणाऱ्याकडेच जातं.”

“बरं. ते पत्र सुनेने मला मघाशीच वाचून दाखवलं. डोळ्यावर पट्टी आहे, पण कान शाबूत आहेत.”

“मी गटावर माफी मागू का? लिहू का, की ते पत्र कुणी वाचू नका?”

“म्हणजे ज्यांनी वाचलं नाही तेही शोधून वाचतील. अजिबात काही लिहू नकोस. अठ्ठावीसला लिहिलंस?”

“फोन केला, उचलत नाहीये. तिला लिहिलं, की चूक माझी आहे. उत्तर नाही.”

“नसणारच. ती आत्ता तीनशे चाळीस लोकांसमोर उभी आहे, तुझ्याकडे कशी बघेल?” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “त्याची जेवणाची सुट्टी एकला म्हणालीस ना?”

“एकला.”

“म्हणजे वेळ आहे.”

“कशाला वेळ आहे मावशी?”

“तू ठकीला झोपव. माझं मी बघते.” आणि ठेवला.

मी ठकीला झोपवलं. अकराला ती झोपली. त्या दिवशी मी श्वास बघायला गेले नाही, कारण संगणकासमोरून उठवतच नव्हतं. सासूबाई दारात आल्या, माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता चहा ठेवून गेल्या. अठ्ठावीसचं काही नाही. गटही गप्प. ती शांतता फार वाईट होती. तीनशे चाळीस जण एकाच खोलीत असावेत आणि सगळ्यांनी एकदम पायाकडे बघावं, तशी.

अकरा वाजून एकवीस मिनिटांनी गटावर मावशींचं पत्र आलं. वर माझ्या प्रश्नातली एकच ओळ: ‘आणि हे कधी थांबतं?’ खाली लिहिलं होतं:

‘तेहतीस, हे फक्त तुला, कुणाला सांगू नकोस. माझा मुलगा जन्मला तेव्हा नर्स पेटीवर लावायच्या कार्डासाठी नाव विचारायची. मी रोज सांगायचे, अजून ठरायचंय. ठरलेलं होतं. लग्नाआधीपासून ठरलेलं होतं. पण नाव दिलं आणि तो गेला, तर ते नाव आयुष्यभर रिकामं ऐकावं लागेल, म्हणून दिलं नाही. सतरा दिवस त्याच्या कार्डावर नुसतं एकोणतीस लिहिलेलं होतं. त्याच्या बाबांना सांगितलं, नाव पसंत पडत नाहीये. ते बिचारे रोज नवं नाव शोधून आणायचे. चौतीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला वाटतं, त्याच्यासाठी नाव आधीच ठेवलं होतं. ते खरंही आहे, पण सगळं नाही. थांबतं की नाही, ते मला विचारू नकोस.’

मी खुर्चीत सरळ बसले. ज्या बाईने अकरा वर्षांत एक ‘धन्यवाद’ही चुकीच्या दारात टाकला नव्हता, तिचं हे पत्र सगळ्यांना? गोल तर मी फिरवला होता! साधं उत्तर दाबलं असतं तर ते फक्त माझ्याकडे आलं असतं. आणि गटात मावशींचा मुलगाही होता, मशीन सांभाळणारा. तोही वाचणार होता.

मग मी तेच केलं जे मला येतं: सॉफ्टवेअरची नोंदवही उघडली. कुठलं पत्र किती वाजता आलं, कुठे गेलं, कोणतं परत फिरलं, हे सॉफ्टवेअर तिथे मुकाट्याने लिहून ठेवतं. अकरा वाजून सहा मिनिटांच्या पुढे एक लाल ओळ होती. मावशींच्या पत्त्यावरून आलेलं पत्र परत फिरवलं होतं, कारण ‘असा पत्ता इथे नाही’. घाईगडबड या नावातलं एक अक्षर गळलं होतं. आणि अकरा एकवीसला तेच पत्र पुन्हा, या वेळी पत्ता बरोबर.

चुकून जाणारं पत्र कुणी दोनदा पाठवत नाही. एका डोळ्यावर पट्टी बांधलेली बाई पंधरा मिनिटं एकेक अक्षर शोधून गटाचा पत्ता हाताने घालत होती.

पाच मिनिटांनी एकतीसचं पत्र आलं. ती कधी लिहीत नसे. ‘अगं बाई, हे सगळ्यांना गेलं वाटतं! तेहतीसला लिहीत होते.’ खाली लिहिलं होतं की बाळ घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस तिने त्याला एकदाही आपणहून उचललं नाही, बहिणीला सांगायची, ‘तू घे, माझे हात थंड आहेत.’ मग तिसाव्या आठवड्याच्या जुळ्यांची आई आली. ‘माफ करा, बटण चुकलं.’ दोघांपैकी जो अशक्त होता त्याचा फोटो तिने काढलाच नव्हता. त्या सगळ्यांना मावशींसारखी युक्ती कळली होती, की एकीचं पाहून दुसरीला धीर आला, ते मी आजही सांगू शकत नाही. एवढं खरं, की गोल पहिलाच भरलेला होता, आणि प्रत्येकीने ‘सर्वांना’ हे बटण मुद्दाम शोधून दाबलं होतं.

साडेबाराला एक बाप आला, चौतीस आठवडेवाला, बस चालवणारा. त्याला युक्ती कळली होती, पण पुरती नाही. त्याने पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘नमस्कार, हे पत्र मी चुकून सगळ्यांना पाठवत आहे.’ त्या दिवसात पहिल्यांदा मी हसले, इतकी की ठकी जागी झाली. त्याने लिहिलं होतं की बायको दवाखान्यात असताना तो दोनदा बस घेऊन दवाखान्याच्या फाटकावरून गेला आणि थांबा असूनही थांबला नाही. ‘उतरणारे ओरडत होते. मी म्हटलं ब्रेक लागत नाही.’

पावणेएकपर्यंत नऊ पत्रं झाली. मी ती पेटीत एकावर एक रचलेली पाहत होते, आणि मला अचानक उमगलं की मावशींनी वेळ का विचारली होती. पेटीत सगळ्यात नवं पत्र सगळ्यात वर असतं. एक वाजता तो माणूस डबा उघडेल, फोन काढेल आणि वरून खाली वाचत येईल. आधी तो बस ड्रायव्हर, मग फोटो न काढणारी, मग थंड हातांची, मग मावशी. आपल्या बायकोपाशी तो पोचेल तोवर अशा नऊ माणसांना भेटून आलेला असेल.

एक वाजला. दीड. दोन. ठकीला घेऊन मी घरभर फिरत होते. संध्याकाळी नवरा आला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “तुझा हेतू वाईट नव्हता.” मी म्हटलं, “हेतूला कोण विचारतंय? तिचं पान मी उघडलं.” त्याने ठकीला माझ्याकडून घेतलं. ते बरं केलं.

दुसरा दिवस असाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी अठ्ठावीसचं पत्र आलं. उघडायच्या आधी मी ‘प्रति’ पाहिलं. फक्त माझा पत्ता होता. वर तिने माझ्या माफीच्या पत्रातली एकच ओळ ठेवली होती: ‘चूक माझी आहे, तुमची नाही.’ आणि खाली:

‘हो, तुमची आहे. महिन्याच्या पत्राची शेवटची ओळ मी नंतर वाचली. मला तुमचा खूप राग आला, अजून थोडा आहे, तो असू द्या.

यांनी एकला वाचलं. चारला घरी आले, कधी येत नाहीत. मी दार उघडलं तर बूटही न काढता विचारलं, “कुठला थांबा?” मी सांगितला. मग म्हणाले, “तिथे बसायला बाक तरी होतं का?” मी म्हटलं होतं, पण एका बाजूने मोडकं. त्यावर ते खाली बसले. वही टेबलावर काढून ठेवली आहे. त्या पानाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पाहुणे आले की दाखवायचं नाही, एवढं ठरलंय. सासूबाई ईमेल वाचत नाहीत, हे एक बरं.

त्या बस ड्रायव्हरला माझा नमस्कार सांगा. की तोही मीच चुकून सगळ्यांना पाठवू?’

ते मी तीनदा वाचलं. मग ठकी झोपली होती, तरी तिच्यापाशी जाऊन बसले. नाकाखाली बोट धरलं नाही, नुसती बसले.

दुपारी मावशींना फोन केला. पट्टी निघाली होती, आवाजात तरतरी होती. अठ्ठावीसचं पत्र मी वाचून दाखवलं नाही, ते मला आलेलं होतं. “ती बरी आहे, गटात राहतेय,” एवढंच सांगितलं. मावशी “हं” म्हणाल्या.

“मावशी, पहिल्यांदा पत्ता चुकला होता तुमचा. एक अक्षर गळलं होतं.”

“तुला कुणी सांगितलं नोंदवही बघायला?”

“किल्ली तुम्हीच दिलीत.”

“मग ती ओळ काढून टाक तिथून.”

“काढली. परवाच.”

“शहाणी आहेस. थोडी उशिरा, पण आहेस.”

“आणि मुलगा काय म्हणाला तुमचा? वाचलं त्याने?”

मावशी हसल्या. अशा की मला फोन कानापासून जरा लांब धरावा लागला. “मेला! दोन दिवस काही बोलला नाही, मी इकडे जीव मुठीत धरून. आज सकाळी फोन केला, तर पलीकडून म्हणतो कसा, ‘बोला, एकोणतीस बोलतोय.’ आता तेच चाललंय. सुनेलाही तेच म्हणायला शिकवलंय.”

फोन ठेवल्यावर मी गटाला पत्र लिहिलं. विषयाच्या ओळीतच लिहिलं, ‘मी न विचारता बदल केला होता’, आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की कोणता, किती दिवस, आणि तो परत फिरवला आहे. कुणाचं काय झालं ते लिहिलं नाही. किल्ली मावशींना परत देते असंही लिहिलं. त्यावर त्यांचं उत्तर आलं, फक्त मला: ‘ठेव तुझ्याकडेच. आता तू बल्बसुद्धा विचारून बदलशील.’

संध्याकाळी गटावर एक नवी आई आली, तीस आठवडे, अकराशे ग्राम, बाळ अजून पेटीत. तिचं पत्र लांबलचक होतं, प्रश्न एकच: ‘रोज जायला भीती वाटते, कुणाला वाटली होती का?’ दहा मिनिटांत तिला उत्तर आलं. बाकीचं सगळं कापून तेवढीच ओळ वर ठेवलेली, आणि खाली: ‘मला वाटली होती. तुमच्या दवाखान्याच्या एक थांबा अलीकडे कुठे बाक असेल तर सांगा, मी येऊन बसेन तुमच्याबरोबर. मग दोघी मिळून पुढचा थांबा जाऊ. अठ्ठावीस आठवडे, नऊशे ऐंशी ग्राम.’

मी नोंदवहीत पाहिलं. गटाचा पत्ता तिने हाताने घातला होता, पहिल्याच खेपेला बरोबर.